खर्जाच्या तारेतला गंधार

तंबोऱ्याला तारा चार: पंचमाची एक, जोडाच्या दोन आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार कुठेच नाही. तरी तंबोरा सुरेल लागला की गंधार घुमायला लागतो. गवई मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि तो ऐकू येईपर्यंत खुंट्या पिळत बसतात.

छेडलेली तार सबंध लांबीने हलते आणि त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतूनही हलते. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. दुप्पट १३९, हा जोडाचा षड्ज. तिप्पट २०८, पंचम. चौपट २७७, तार षड्ज. आणि पाचपट, सुमारे ३४६, हा आपला गंधार! पेटीवर तो पांढरी चारला येतो, पण तिथली कंपनं ३४९. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला जवळजवळ तीनदा हेलकावतो. पेटीवर जुन्या गवयांचा राग होता तो काही उगीच नव्हे. जोडाच्या तारा मिळवतानाही कान याच हेलकाव्यांवर असतो. ते संथ होत होत थांबले की तारा मिळाल्या.

खरी गंमत पुढेच आहे. तार ऐन मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट कंपनं उमटूच नयेत, असं टॉमस यंग यांचा नियम सांगतो. तंबोऱ्यात ती खणखणीत उमटतात. सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात असताना, १९२१ साली, हे निबंधातून मांडलं. प्रकाशाच्या विकिरणासाठी त्यांना नोबेल मिळालं ते १९३० साली. त्याआधी बरीच वर्षं ते वाद्यांत रमले होते. किमया घोडीची. तिचा माथा किंचित बाकदार असतो, त्यामुळे तार दर कंपनाला त्याला घासून सुटते. तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवला की हा स्पर्श नेमका जुळतो आणि खालच्या कंपनांतली ऊर्जा वरच्या कंपनांत जात राहते. मिरजेचे कारागीर घोडी घासत, तार छेडत, पुन्हा घासत जवारी काढतात ती याचसाठी.

बारीक तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. ते काम तबली आणि भोपळ्याचं. हवेत दाबाची लाट उठते आणि सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने पसरते. खर्जाची एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते.

कानाचा पडदा आणि त्यामागची तीन इवली हाडं ही लाट आतल्या द्रवापर्यंत पोचवतात. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे; उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तिच्यातला पातळ पडदा तोंडाशी अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. उंच स्वर तोंडाशी हलवतात, खर्ज टोकाशी. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत ही लाट सरकताना पाहिली; १९६१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. म्हणजे तंबोऱ्याने एकत्र विणलेले स्वर कान पुन्हा सुटे करतो.

आणि मेंदू ते पुन्हा जोडतो. मोबाइलच्या टिचभर स्पीकरला ६९ कंपनं जवळपास पेलतच नाहीत, तरी त्यावरच्या तंबोऱ्यात खर्ज कळतो. कारण १३९, २०८, २७७, ३४६ हे सगळे ६९-६९ च्या अंतरावर, आणि मेंदू त्यावरून मूळ स्वर ताडतो. जुन्या टेलिफोनमध्ये ३००च्या खालची कंपनं जवळजवळ गाळलीच जात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर तर १२०च्या आसपास असतो. तरीही तेवढ्यावरून कुणी काकांना काकू समजल्याचं ऐकिवात नाही.