दोन रोपांमधले अंतर

मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासाची घरे डोंगरउतारावर पायऱ्यांप्रमाणे चढत गेली आहेत. वरच्या रांगेतील सज्जातून खालच्या घराचे अंगण सहज दिसते. पेढीच्या धावपळीतून दोन दिवस विसाव्यास आलेल्या कुटुंबाला म्हणूनच प्रथम आडोसा हवासा वाटतो. भिंत उंच करावी तर वारा आणि उजेड अडतो. मग सदाहरित झाडांचे कुंपण सुचते. विचार योग्यच आहे. घात होतो तो घाईने. यंदाच पडदा तयार व्हावा म्हणून रोपे खांद्याला खांदा भिडवून लावली जातात.

व्यापारी घराला हा हिशेब कठीण नाही. ६० फुटांच्या कडेला ६ फुटांवर हिरवा अशोक लावल्यास ११ रोपे लागतात, २ फुटांवर लावल्यास ३१. दाट ओळ पहिली दोन वर्षे शोभते. पुढे मुळे एकमेकांचे पाणी ओढू लागतात, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या झडतात, आणि नजरेच्या उंचीवर नुसती खोडे उरतात. जेथे आडोसा हवा होता, नेमक्या तेथेच खिडक्या पडतात. मुळशीच्या डोंगरात हे लवकर घडते, कारण बसाल्टच्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. चार महिने मुळांशी पाणी वाहते आणि उरलेले आठ महिने तीच मुळे ओलाव्यासाठी झगडतात.

रस्तोरस्ती दिसणारा हा उंच, निमुळता वृक्ष खरा अशोक नव्हे. अष्टप्रातिहार्यांतील अशोकवृक्षाचे स्मरण करून देणारा सीता अशोक वेगळा. तोही सदाहरित आहे आणि त्याला सावली व ओलावा मानवतो. परंतु तो पसरट वाढतो, तेव्हा त्याला ओळीत कोंबू नये, कोपऱ्यात मोकळी जागा द्यावी.

माणसाच्या उंचीचेच कुंपण हवे असल्यास कामिनी अडीच फुटांवर लावावी. करवंदाला तीन फूट द्यावेत. त्याचे काटे गुरांना अडवतात, मात्र मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ते नको. सह्याद्रीतील अंजनी सावकाश वाढते, पण एकदा रुजली की वाऱ्यापावसाला दाद देत नाही. जांभूळ ओळीत लावण्याचा मोह टाळलेला बरा. त्याचा विस्तार मोठा, शिवाय १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत त्याचे नाव असल्याने पुढे ते नकोसे झाले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही.

उतारावर जागेची निवडही महत्त्वाची. वरून येणारी नजर दूरच्या कुंपणावरून सहज ओलांडून येते. तीच झुडपे बसण्याच्या जागेजवळ असली तर कमी उंचीतही पुरेसा आडोसा होतो. वरच्या शेजाऱ्याचे जलाशयाचे दृश्यही त्यामुळे झाकले जात नाही. झाडावरून जुंपलेले शेजाऱ्यांचे भांडण झाडाइतकेच वाढते, हा अनुभव नवा नाही. संरक्षक भिंतीपासून मोठी झाडे दूर ठेवावीत आणि भिंतीतील पाण्याच्या निचऱ्याची छिद्रे मोकळी राहतील हे पाहावे. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लवासाचे बांधकाम थांबवले, तेव्हा डोंगर कापण्याचा प्रश्नही चर्चेत होता. कापलेल्या उताराचे मोल येथील घरमालकांस वेगळे सांगावयास नको.

खड्डे मे महिन्यात, दीड फूट लांब, रुंद व खोल घ्यावेत; उन्हात तापू द्यावेत; मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावावीत. ओळ कुंपणाच्या रेषेवर नसावी. पूर्ण वाढीच्या निम्म्या रुंदीइतकी ती आत असावी, म्हणजे छाटणीसाठी शेजाऱ्याच्या अंगणात जावे लागत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी अनिवार्य आहे. घर आठवडाभर बंद राहणार असेल तर माळ्याची व्यवस्था रोपे घेण्यापूर्वीच करावी. अनेक कुंपणे या एकाच कारणाने मार्चमध्ये वाळतात. छाटणी करताना तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालपर्यंत ऊन पोहोचते. पक्ष्यांचे घरटे दिसल्यास पिले उडून जाईपर्यंत कात्री दूर ठेवावी.

मधल्या मोकळ्या जागा डोळ्यांना खुपत असतील, तर तेथे अडुळसा लावावा. तो झपाट्याने भरतो, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुख्य झाडे एकमेकांना भिडू लागली की तो मुळासकट काढून टाकता येतो.