धालो पौषात, ग्रँट फाल्गुनात

माझे वडील बडोद्याच्या कलावंत खात्यात होते. अठराव्या वर्षी ते खात्यात लागले आणि 1949 साली संस्थान विलीन झाले तेव्हा जेमतेम एकविसाचे होते. मी झालो तो त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर; तेव्हा दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातूनच. फैयाजखांसाहेबांच्या गाण्याविषयी ते जितक्या प्रेमाने बोलत, तितक्याच प्रेमाने खात्याच्या नियमांविषयीही बोलत. हे नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच छापून काढलेले. गवयाने हजेरी द्यायची, रजेचा अर्ज करायचा, न सांगता राहिला तर दंड भरायचा. गवयाला दंड, हे ऐकून आम्ही मुले हसत असू. त्यावर त्यांचे म्हणणे एवढेच असे, की दंड व्हायचा तसा पगारही व्हायचा, आणि तो ठरल्या दिवशी व्हायचा.

गेली दोन-तीन वर्षे मला या बोलण्याची वारंवार आठवण होते, कारण मध्यंतरी एका विद्यापीठाच्या संशोधन-अनुदानाशी माझा संबंध आला. माझी एक शिष्या गोव्याबाहेरच्या एका विद्यापीठात आहे. (कोणत्या, ते सांगण्यात स्वारस्य नाही.) पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूर गावी बायका जे धालो गातात, त्यांचे ध्वनिमुद्रण आणि स्वरलेखन करावे, असा प्रकल्प तिने मांडला, सरकारी अनुदान मंजूर झाले, आणि स्वरलेखनापुरता तिने मला बरोबर घेतले.

इब्रामपूर महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेले आहे. पेडणे महाल 1788 साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. पण सोयरिकी, दशावतार आणि जत्रा यांनी ती हद्द कधी मानलेली दिसत नाही. हा सारा मुलूख सोहिरोबानाथ आंबिये यांना आपला मानणारा. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयाच्या पैशावर गोवा विद्यापीठात जी अध्यासने निघाली, त्यांतही एक त्यांच्या नावाचे आहे. महादजी शिंद्यांसारख्याचा आश्रय ज्यांनी झिडकारला अशी कथा सांगतात, त्यांच्या नावाच्या अध्यासनालाही खर्चाचा हिशेब चुकत नसणार, हे मनात येऊन मला थोडे हसू आले.

धालो पौषात होतात. चांदण्या रात्री मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात; एक रांग गाते, दुसरी ते उचलते, आणि पावलांबरोबर गाणे पुढेमागे झुलत राहते. आता मंजुरीपत्राकडे पाहा. ते आले आश्विनात. त्यात लिहिले होते, की पहिला हप्ता जमा होईल ती प्रकल्पाच्या आरंभाची तारीख धरावी. हप्ता आला फाल्गुनात! मधला पौष कोणाच्याच हिशेबात नव्हता.

आम्ही मात्र त्या पौषात गेलो, पदरच्या पैशाने. मांडावर पुरुषांचे काम नाही, म्हणून मला परसदारी एका बाकावर बसवले होते. यंत्र घेऊन शिष्या बायकांत. तिथून पाच रात्री मी जे ऐकले, ते लिहिताना माझी पेटी निरुपयोगी ठरली. पुढे गाणारी एक आजी सत्तरी उलटलेली. तिचा गंधार माझ्या पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला, पण पाचही रात्री त्याच जागी, रेसभर इकडेतिकडे नाही. पहिल्या रांगेचे शेवटचे अक्षर हवेत असतानाच दुसरी रांग ते झेलत होती. त्यामुळे श्वासाची फट कुठे ऐकूच येईना. सारे पाच सुरांत. वीस वर्षे मी गाणे शिकवतो आहे, पण सुरांची इतकी काटकसर मला विद्यार्थ्यांना शिकवता आलेली नाही.

अखेरच्या दिवशी मी पाकीट पुढे केले. आजी म्हणाली, "गाण्याचे पैसे कित्याक, पुता?" लुगडे, खण आणि नारळ मात्र तिने आनंदाने घेतला.

फाल्गुनात हप्ता आला तेव्हा 31 मार्चला एकोणीस दिवस उरले होते. शिष्येने सुचवले, की पौषातल्या खर्चाच्या पावत्या आताच्या तारखेने लिहून घ्याव्यात. गाणे तर खरोखरच झालेले आहे! मलाही ते पटले. हिशेब विभागातल्या एका वयस्क कारकुनाने मात्र आम्हाला समोर बसवून चहा पाजला आणि साफ नकार दिला. "मास्तर, उद्या ऑडिटवाल्याने ही एक पावती खोटी धरली, तर तो बाईंची सारी ध्वनिमुद्रणे खोटी धरील. पौषाचा खर्च तुमचा राहू द्या. पुढच्या पौषाला सारे रीतसर करू." मी रागावलोच. परंतु शिल्लक रक्कम पुढल्या वर्षात नेण्याची परवानगी त्यानेच तीन पत्रे लिहून मिळवली, आणि बँकेत पडून राहिलेल्या पैशावरचे व्याज 2017 च्या वित्तीय नियमांप्रमाणे भारताच्या एकत्रित निधीत जमा करावे लागते, हेही आम्हाला त्यानेच सांगितले.

शिल्लक पैसा म्हणजे न झालेले काम, असे आजचा हिशेब धरतो. आपल्याच शहरातले उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी चिमणलाल दलाल यांना पाटणच्या जैन भांडारांतली हस्तलिखिते तपासायला पाठवले. त्यातून 1916 साली गायकवाड प्राच्यविद्या मालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, निघाला. दलाल 1918 साली वारले. त्यांनी पाटणला केलेल्या टिपणांवरून तयार झालेली सूची छापून आली ती 1937 साली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली आरंभले, औंधच्या पंतप्रतिनिधींनी एक लाखाचे वचन दिले, आणि काम पुरे झाले 1966 साली. मध्ये किती 31 मार्च येऊन गेले! राजेरजवाड्यांचे दिवस सोन्याचे होते असे माझे म्हणणे नाही. मर्जी गेली की वर्षासनही जाई, हे आमच्या घराण्यात ठाऊक आहे. पण काम किती वर्षे चालेल हे निदान कामावरून ठरत असे.

दुसऱ्या पौषाला सारे रीतसर झाले. चौदा बायकांच्या बँक पुस्तकांच्या प्रती. दोघींची खाती नव्हती, ती उघडली. गाणाऱ्या बायकांचे मानधन कोणत्या शीर्षाखाली घालावे हा प्रश्न निघाला. यंत्रसामग्री, पुस्तके, प्रवास, साहाय्यकाचे वेतन, सादिलवार: एवढीच शीर्षे. यंत्राला विद्यापीठाचा अनुक्रमांक पांढऱ्या रंगाने घातला गेला. गाणारी सादिलवारात, टाचण्या आणि टपाल तिकिटे यांच्या पंगतीत. एका नव्या अधिकाऱ्याने तर याच बायका का निवडल्या, तीन दरपत्रके मागवली होती काय, असा शेरा मारला. कारकुनाने त्याखाली शांतपणे लिहिले, की या मांडावर या गावच्याच बायका गातात. शेरा निकालात निघाला.

पण आजी गाऊ शकली नाही. पावसाळ्यात दुखणे झाले आणि आवाज गेला. मांडावर तिची सून पुढे होती. ती चांगली गायली, पण गंधार माझ्या पेटीचाच होता. म्हणजे ज्या पाच रात्रींना प्रकल्पात जागा नव्हती, तेवढ्याच आता आजीच्या उरल्या. अहवालात आम्ही त्या परिशिष्टात घातल्या, 'अनुदानाबाहेरील ध्वनिमुद्रण' असे लिहून. त्यात खोटे काही नाही.

आजीला प्रकल्पातून काही देता येईना. शिष्या म्हणाली, तीन दुपारी आजीने तिला जुन्या शब्दांचे अर्थ सांगितले आहेत. कारकुनाला हे कळले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. 'शब्दार्थ सांगितल्याबद्दल मानधन', अशी पावती त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. ती घेऊन मी पुन्हा इब्रामपूरला गेलो. आजी ओसरीवर बसली होती. या वेळी तिने पैशाला नको म्हटले नाही; औषधाला लागत होते. अंगठा उमटवण्याआधी तिने कागदावर काय लिहिले आहे ते विचारले. मी वाचून दाखवले. तिने एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि बसल्या आवाजात विचारले,

"आनी गायलें तें?"