औषध चांगलं, झाकण वाईट

‘कंपनीनं औषध परत मागवलं’ असं ऐकलं की आपल्या मनात पहिलं काय येतं? औषधात भेसळ असणार. पण आजच्या उदाहरणात औषध ठीक होतं. बिघडलं होतं ते झाकण.

जानेवारी २०१३. अमेरिकेत नोव्हार्टिस कंपनीनं ट्रायमिनिक हे मुलांचं सर्दी-खोकल्याचं सिरप आणि थेराफ्लूची काही सिरपं परत मागवली. बाटल्या वीस लाखांहून जास्त. कारण असं, की वरचं सील शाबूत असतानाही मुलं झाकण फिरवून काढत होती. अशा तक्रारी आल्या १२. त्यांतल्या चार मुलांच्या पोटात औषध गेलं आणि एकाला वैद्यकीय मदत लागली.

बारा तक्रारींसाठी वीस लाख बाटल्या? हे समजायला आधी झाकण समजून घेऊ.

ही असतात एकात एक बसवलेली दोन झाकणं. बाहेरचं नुसतं फिरवलं तर ते कट-कट वाजत जागच्या जागी फिरतं. खाली दाबलं की त्याचे दाते आतल्या झाकणाच्या खाचांत बसतात आणि मग दोन्ही मिळून फिरतात. दाबणं आणि फिरवणं एकाच वेळी करणं लहान मुलाला अवघड जातं. सगळी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत अशा वेष्टनांचा कायदा १९७० साली झाला. त्याची चाचणी मोठी गमतीची आहे. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांच्या हातात बाटली देतात. पाच मिनिटं झटापट करू देतात. नाही उघडली, तर एकदा उघडून दाखवतात, ‘दात लावलास तरी चालेल’ असंही सांगतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. एवढं करूनही शंभरातल्या किमान ८० मुलांना ती उघडता येता कामा नये. म्हणजे उरलेल्या वीसांना उघडता आली तरी झाकण पास! शिवाय पन्नास ते सत्तर वयाच्या माणसांना ते उघडता आलं पाहिजे. नाहीतर आजी कंटाळून झाकण सैलच ठेवणार. (हशा)

तेव्हा हे झाकण म्हणजे कुलूप नव्हे. ते आपल्याला काही मिनिटं मिळवून देतं. स्वयंपाकघरातून ‘अरे, काय करतोयस?’ म्हणत धावत यायला तेवढी पुरतात. झाकण बिघडलं की तीच मिनिटं जातात. त्या सिरपांमध्ये पॅरासिटामॉलसारखी औषधं होती. पॅरासिटामॉल मापात घेतलं तर ताप उतरवतं, फार झालं तर यकृताला इजा करतं. आणि पहिल्या दिवशी मूल वरून ठणठणीत दिसू शकतं. म्हणून बारा तक्रारींनंतर तेराव्या मुलाची वाट पाहायची नसते.

मग घरी काय करायचं? परत मागवल्याची बातमी आली तर बाटलीवरचा बॅच नंबर ताडून पाहा. झाकण लावल्यावर न दाबता फिरवून बघा. उघडलं तर ते बिनकामाचं. औषध साध्या बाटलीत ओतून ठेवू नका. बाटली उंचावर, कुलपात. आणि मुलानं औषध प्यायल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.