कॉफी उकळायची नाही, गाळायची



आपल्याकडे चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. दुधात साखर घालायची, पुडीतली कॉफी टाकायची, ढवळायचं, झालं. ती लगेच विरघळते, कारण ती कारखान्यात आधीच करून, वाळवून पुडीत भरलेली असते. आज आम्ही सांगणार आहोत ते दुसऱ्या कॉफीबद्दल. भाजलेल्या बियांची पावडर घ्यायची, तिच्यावर धारेनं गरम पाणी ओतायचं आणि खाली उतरेल ती कॉफी प्यायची. शहरातल्या हॉटेलांत यासाठी काचेची भांडी आणि लांब चोचीच्या किटल्या मांडलेल्या असतात. ते पाहून वाटतं, हे काही आपलं काम नव्हे. पण कागदातून कॉफी गाळण्याची रीत एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडली आहे.

तिचं नाव मेलिटा बेंट्झ. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राहायची. त्या काळी कॉफीत गाळ राहायचा, चव कडू लागायची. तिनं पितळेच्या भांड्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडली. मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात बसवला. वर कॉफी पावडर घातली आणि गरम पाणी ओतलं. खाली स्वच्छ कॉफी उतरली. पण ती एवढ्यावर थांबली नाही. जून १९०८ मध्ये तिनं बर्लिनच्या सरकारी कचेरीत आपल्या गाळणीची नोंद करून हक्क मिळवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ७३ फेनिग, म्हणजे काही पैशांच्या भांडवलावर तिनं धंद्याची नोंद केली. कामाला नवरा आणि मुलं. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत बाराशेच्या वर गाळण्या विकल्या गेल्या. तिच्या नावाचे कागद आजही जगभर विकले जातात.

आता, चहासारखी कॉफी उकळली तर काय बिघडतं? कॉफीतला वास आणि गोडवा गरम पाण्यात आधी उतरतो. कडूपणा मागाहून उतरतो. पावडर पाण्यात उकळत राहिली की कडूपणा सगळाच येतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून पाणी पावडरीतून दोन-तीन मिनिटांत निघून गेलं पाहिजे.

घरात करायची तर नवं काही आणायची गरज नाही. चहाची मोठी गाळणी घ्या. तिच्यात जुन्या, मऊ, पांढऱ्या सुती कापडाचा दुपदरी तुकडा बसवा. कापड आधी साध्या पाण्यात उकळून घ्या. साबण लावू नका, त्याचा वास कॉफीला लागतो. गाळणी स्टीलच्या भांड्यावर ठेवा आणि थोडं गरम पाणी ओतून कापड ओलं करा. ते पाणी टाकून द्या.

एका मोठ्या कपाला, म्हणजे पाव लिटर पाण्याला, १५ ग्रॅम पावडर लागते. पोहे खायच्या चमच्यानं साधारण तीन शिगोशीग चमचे. पावडर बारीक रव्यासारखी असावी. पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. मग पावडर भिजेल एवढंच पाणी घाला आणि पुन्हा अर्धा मिनिट थांबा. पावडर ताजी असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात. भाजताना बियांत कोंडलेला वायू बाहेर पडतो, म्हणून असं होतं. उरलेलं पाणी मधून बाहेर गोल फिरवत, बारीक धारेनं, दोन-तीन वेळा करून ओता.

चव पाहा. पचपचीत आणि आंबट लागली तर पाणी फार भरभर गेलं, पावडर थोडी बारीक हवी. कडू लागली, पाणी तुंबून राहिलं, तर पावडर जाड हवी. दूध घालून प्यायची असेल तर पाणी निम्मं घ्या आणि दूध वेगळं तापवून घाला. उरलेला चोथा खताच्या खड्ड्यात टाका. कापड लगेच धुऊन उन्हात वाळवा.

बाजारात पावडर घेताना पुडी उलटून वाचा. बऱ्याच पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक मूळ आहे. ते भाजून दळतात. त्यानं रंग गडद होतो, पण ती कॉफी नव्हे. अशी मिसळण विकायला कायद्यानं परवानगी आहे. मात्र तिच्यात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि दोन्हींचं प्रमाण पुडीवर छापलेलं हवं. सुट्या पावडरीची परीक्षा घरी होते. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि वर चिमूटभर पावडर भुरभुरवा. कॉफी तरंगते. चिकोरी तपकिरी रेघ सोडत लगेच खाली जाते. शुद्ध कॉफीचे पैसे मोजून चिकोरी घरी येत नाही ना, हे त्यावरून कळतं. ही परीक्षा भाजलेल्या बियांच्या पावडरीसाठी आहे, विरघळणाऱ्या कॉफीसाठी नाही.

आणि एक गोष्ट मात्र विसरू नका. आपल्यातल्या कितीतरी जणींचं रक्त कमी असतं. जेवणाबरोबर कॉफी किंवा चहा घेतला तर भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह अंगाला कमी लागतं. लोहाच्या गोळीचंही तसंच. म्हणून जेवण आणि गोळीनंतर दीड-दोन तास जाऊ द्या, मग कॉफी घ्या. पोटुशी बाईनं कॉफी बेतानंच प्यावी. दिवसाला एखादा लहान कप, तोही डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला विचारून.

कॉफी आपल्या राज्याला अगदी परकी नाही. अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या डोंगरात ती पिकते. तेव्हा पुढच्या बैठकीत एक पुडी आणा, वाचा, पाण्यावर भुरभुरवून पाहा आणि मग गाळा. आणि बैठकीत एक प्रश्नही घ्या. मसाला न जाळता भाजायची, लोणचं टिकवायची, पापड न फाटता लाटायची अशी आपल्यात कुणाची काही खास युक्ती आहे का? असेल तर ती गटाच्या वहीत तिच्या नावानं, तारखेसह लिहून ठेवा. मेलिटाबाईंनी पहिलं काम हेच केलं होतं, माल विकायला त्या नंतर गेल्या.