कानबाईचे रोट आणि पांगलेले कुटुंब



नागपंचमी झाली की सुरतेहून, मुंबईहून, नाशकाहून खानदेशाकडे येणाऱ्या गाड्यांना एकाएकी गर्दी होते. दिवाळी अजून लांब असते आणि लग्नसराई केव्हाच संपलेली असते. मग ही माणसे कोठे निघाली? त्यांना विचारले तर उत्तर दोनच शब्दांचे येते : “रोट आहेत.” खानदेशाबाहेरच्या माणसाला या उत्तराने काहीच उलगडा होत नाही. तो उलगडा करावा आणि त्यातून निघणारा एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आजचा माझा हेतू आहे.

कानबाई ही खानदेशची देवी. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नकाशावर अशा रेघा पडत गेल्या, पण कानबाईने त्या मानल्या नाहीत. या तिन्ही जिल्ह्यांत, शिवाय नाशिक जिल्ह्यातील कळवण-सटाणा-मालेगावच्या बाजूस, निरनिराळ्या जातींच्या घरांत तिचा कुळाचार चालतो. नागपंचमीनंतर येणारा पहिला रविवार हा तिचा दिवस. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे तो २७ ऑगस्टला पडला. २०२४ साली ११ ऑगस्टला, तर २०२५ साली ३ ऑगस्टला आला. इंग्रजी तारीख अशी मागेपुढे होते, परंतु शेताचे वेळापत्रक बिघडत नाही. पेरणी होऊन गेलेली असते, कपाशी आणि ज्वारी रानात उभी असते, काढणीला अवकाश असतो. शेतकऱ्याला दोन दिवस घरासाठी काढता येतात ते याच सुमारास.

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. पिंप्राळा हे मूळचे स्वतंत्र खेडे; आज ते जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. आषाढी एकादशीला तेथे विठ्ठलाचा रथ निघतो आणि आसपासची माणसे दर्शनाला लोटतात. रथ हा सगळ्या गावाचा सण. त्यानंतर महिनाभराच्या आत रोट येतात, आणि रोट हा एका कुळाचा सण. या कुळातला थोरला भाऊ घरी राहून शेती पाहतो, मधला नाशकाला सातपूरच्या कारखान्यात आहे, धाकटा सुरतेला उधन्याच्या बाजूस मागावर काम करतो. कल्पनेतले असले तरी असे घर खानदेशात शोधावे लागत नाही.

सुरतेचा रस्ता खानदेशी माणसाला जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातून रेल्वे धावू लागली आणि जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही गावे सुरतेला जोडली गेली. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. कोरडवाहू शेतीवर न भागणारी माणसे या वाटेने गेली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत त्यांच्या वस्त्या उठल्या. वर्षभर ही वाट माणसे बाहेर नेते. श्रावणातल्या त्या शनिवारी मात्र ती माणसे परत आणते.

घरी काय चाललेले असते? घर झाडून, धुऊन, सारवून अथवा रंगवून झालेले असते. भांडी लखलखीत होतात, अंथरुणे-पांघरुणे धुऊन निघतात. मग दळणाचे गहू आणि हरभऱ्याची डाळ काढायची वेळ येते. हे धान्य किलोने वा मापट्याने घेत नाहीत. ते मुठीने घेतात. कुटुंबातील माणसांची नावे घ्यायची आणि प्रत्येक नावाला सव्वा मूठ धान्य टाकायचे. थोरल्याची सव्वा मूठ, मधल्याची, सुरतेच्या धाकट्याची, त्यांच्या मुलांची. गेल्या वर्षी पाळण्यात आलेल्या नातवाचीसुद्धा. जो कामावरून सुटू शकला नाही त्याचीही मूठ पडतेच. हे धान्य वेगळे, सोवळ्याने दळतात. पुष्कळ ठिकाणी चक्कीवाले आपणहून चक्की धुऊन-पुसून ठेवतात आणि त्या दिवशी रोटांखेरीज दुसरे दळण घेत नाहीत.

रविवारी चौरंगावर कलश मांडून त्यावर नारळ ठेवतात. नारळाला नथ, डोळे, दागिने चढवून देवीचे मुख सजते. भोवती केळीचे खांब, फुले, जरीचे वस्त्र. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असा नैवेद्य होतो. रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि फुगड्या खेळतात. सोमवारी सकाळी आरती होते, आणि चौरंग डोक्यावर घेऊन बायका वाजतगाजत पाण्याकडे निघतात. गावात नदी असेल तर नदीवर. जळगावात मेहरूणच्या तलावावर. विसर्जन करून काही घरची माणसे परत येताना तिथली वाळू घरी आणतात.

या सणाचे दोन भाग आहेत आणि त्यांचे नियम अगदी उलट आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. रोटाचे अन्न भाऊबंदांनीच खायचे. ते शेजाऱ्याला देत नाहीत, मित्राला वाढत नाहीत. उरले तर घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे. एरवी दारी आलेल्याला जेवल्यावाचून न सोडणारा खानदेशी माणूस त्या दिवशी एवढा हात का आखडतो? कृपणता हे त्याचे कारण नव्हे. ज्या पिठाची ही पोळी झाली ते पीठ नावे घेऊन मोजलेले असते. प्रत्येक घासावर कोणाचे तरी नाव आहे. तो घास बाहेर गेला तर मोजणीत खोट येईल, अशी त्यामागची भावना असावी. गाणे आणि मिरवणूक मात्र सर्वांना मोकळी. ज्या शेजारणीला रोटाचा घास मिळत नाही, तीच रात्री गाण्यात वरचा सूर धरते. मित्र येतात, मुलांचे सवंगडी येतात, ज्यांच्याकडे रोट नाहीत तेही येतात, आणि एका गल्लीतल्या अनेक कानबाया मिळून पाण्यावर जातात. चूल कुळाची आणि रस्ता गावाचा, अशी ही वाटणी आहे.

आणखी एक नियम पाहा. कुळात कोणाचा मृत्यू होऊन सुतक असेल तर रोट होत नाहीत. मग ते सुतक दूर सुरतेतल्या घरातले का असेना. म्हणजे रोट मांडण्यापूर्वी सर्व भाऊबंदांची खबर हवी. कोण गेले, कोण जन्मले, कोण कोठे राहावयास गेले, हे कळल्यावाचून मूठ पडू शकत नाही. टेलिफोन नव्हता तेव्हाही कुळाला वर्षातून एकदा आपली खानेसुमारी करणे या आचाराने भाग पाडले. बांधावरून भांडलेले, कोर्टाची पायरी चढलेले भाऊही रोटांसाठी एका घरी बसतात. शेत वाटले जाते, वाडा वाटला जातो, भांडीसुद्धा वाटली जातात. रोट वाटून घ्यायला माणूस धजत नाही. भांडण त्याने मिटतेच असे नाही. पण एकमेकांच्या मुलांची नावे तोंडाने घ्यावी लागतात, हेही थोडे नव्हे.

अशी रीत केवळ आपलीच आहे असे नाही. इटलीतील आणि पोर्तुगालमधील खेड्यांतून परदेशी गेलेली माणसे ऑगस्टमध्ये, उन्हाळा सरता सरता, गावच्या चर्चच्या उत्सवाला परततात. १५ ऑगस्टचा मारीयामातेचा सण हा त्यांचा मोठा दिवस. आपल्या वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते, आणि तिलाही कुटुंबेच्या कुटुंबे, मित्रमंडळींसह, लांबून येतात. ज्यांनी पोटासाठी घर सोडले त्यांना वर्षातून एकदा आईच्या नावाने बोलावणे जाते.

येथवर कौतुक झाले. आता तो प्रश्न. ही मूठ कोणाच्या नावाने पडते? रीत घरोघर थोडी वेगळी आहे. कोठे घरातील सर्व माणसे धरतात. परंतु पुष्कळ घरांत मोजतात ते पुरुष. कारण सांगतात ते असे की कुळ पुरुषाने चालते आणि मुलगी परघरची. हे मान्य केले तर हिशेब काय होतो ते पाहा. मुलगी माहेरच्या मुठीत नाही, कारण ती जाणार. सासरच्या मुठीतही ती नाही, कारण ती बाहेरून आली. घर सारवते ती, धान्य निवडते ती, पोळ्या लाटते ती, रात्र जागवते ती, देवी डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालते ती. आणि धान्याच्या त्या ढिगात एक दाणासुद्धा तिच्या नावाचा नाही. ज्या देवीचे हे सारे चालले आहे ती स्वतः बाईच आहे, याचे कोणाला काही वाटत नाही!

कुळाचार मोडावा असे मी म्हणत नाही. मोडण्याचे काम परिस्थिती आमच्याहून झपाट्याने करीत आहे. सुरतेत आणि नाशकात आता तिथेच कानबाई बसू लागली आहे; रजा मिळत नाही, मुलांची शाळा बुडते, म्हणून गावी येणारे कमी होत आहेत. अशा वेळी रोट टिकावेत असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी एक गोष्ट करून पाहावी. येत्या श्रावणात धान्य काढताना मुलीचे नाव घ्यावे, सुनेचे घ्यावे, आणि मोजणारीने स्वतःचेही घ्यावे. गहू थोडे जास्त लागतील, पोळ्या थोड्या वाढतील. ज्या कुळाला पांगलेला भाऊ तीनशे किलोमीटरांवरून आठवतो, त्याला चुलीपुढे बसलेली बहीण आठवणे जड जाऊ नये.