मातीच्या पाट्यांवरील पेढी

प्राचीन संस्कृती म्हटले की राजवाडे, मंदिरे आणि युद्धे डोळ्यांसमोर येतात. व्यापाऱ्याचे नाव त्या इतिहासात क्वचितच भेटते. तुर्कस्तानातील कायसेरी शहराजवळचे कुल्तेपे हे स्थळ याला ठळक अपवाद आहे. तेथे सुमारे २३,००० मातीच्या पाट्या सापडल्या असून त्यांतील बहुतेक पाट्या म्हणजे व्यापारी कुटुंबांची पत्रे, कर्जरोखे आणि हिशेब आहेत. यांतील हजारो पाट्यांच्या नोंदी आज घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात.

इ.स.पू. १९व्या शतकात या गावाचे नाव कानेश होते. आजच्या इराकमधील तैग्रिस नदीकाठच्या अश्शूर नगराचे व्यापारी तेथे पेढ्या थाटून राहत. सुमारे १,००० किलोमीटरचे अंतर गाढवांच्या तांड्यांनी कापून ते कथील आणि कापड कानेशला नेत. बदल्यात चांदी व सोने अश्शूरला येई. घरचा कर्ता परमुलखात आणि बायकामुले मूळ गावी, ही स्थिती व्यापारी समाजाला अपरिचित नाही.

म्हणूनच पूशू-केन या व्यापाऱ्याला त्याची पत्नी लमस्सी हिने लिहिलेली पत्रे वाचताना काळाचे अंतर जाणवत नाही. ती अश्शूरला राहून कापड विणून घेते, ते कानेशला पाठवते आणि मोबदल्याच्या चांदीची चौकशी करते. मुलगी मोठी झाली, आता घरी या, असेही ती पतीला कळवते.

या पाट्यांतील व्यवहारही तितकेच रेखीव आहेत. अमूर-इश्तार नावाच्या व्यापाऱ्याच्या करारात १४ जणांनी मिळून ३० मिना, म्हणजे सुमारे १५ किलो सोन्याचे भांडवल १२ वर्षांसाठी गुंतवलेले दिसते. मुदतीपूर्वी रक्कम मागणाऱ्यास एका भाग सोन्यामागे चार भाग चांदी मिळेल, परंतु नफ्याचा वाटा मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. व्यापाऱ्यांच्या मंडळाने ठरवलेला व्याजाचा दर मिनामागे दरमहा दीड शेकेल होता. ६० शेकेलचा एक मिना धरता हा दर दरसाल दरशेकडा ३० इतका होतो. कर्जरोखा मातीच्याच लिफाफ्यात बंद करून त्यावर मजकूर पुन्हा लिहीत व मुद्रा उमटवीत. कर्ज फिटले की पाटी ऋणकोस परत मिळे आणि ती ‘मारली’ असे म्हणत. हुंडी चुकती झाली की तिचा खोखा होतो, हे जाणणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

या पाट्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुराणवस्तूंच्या बाजारात येऊ लागल्या. त्यांचे नेमके स्थान १९२५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानाने शोधले. १९४८ पासून तुर्की संशोधक ताहसिन ओझग्युच यांनी अर्धशतकाहून अधिक काळ उत्खनन चालवले. २०१५ मध्ये युनेस्कोने या दप्तराचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला.

जिज्ञासूंनी आरंभ ‘क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह’ या संकेतस्थळापासून करावा. शोधाच्या चौकटीत प्राप्तिस्थान म्हणून रोमन लिपीत कानेश लिहिले की नोंदी उघडतात. प्रत्येक पाटीला ‘पी’ अक्षराने सुरू होणारा स्वतंत्र क्रमांक आहे. पाटी कोणत्या संग्रहालयात आहे व कोणत्या काळातील आहे हे तेथे दिलेले असते. अनेक नोंदींत छायाचित्र, रेखाटन वा रोमन लिप्यंतरही मिळते. भाषांतर सर्व पाट्यांचे नाही. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावरही कानेशच्या काही पाट्या व लिफाफे सुस्पष्ट छायाचित्रांसह पाहता येतात.

येथे व्यापाऱ्याची एक सवय उपयोगी पडते. पावतीवाचून खर्च मांडायचा नाही, हा नियम इतिहासालाही लावावा. मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या थक्क करणाऱ्या दाव्यासोबत वस्तूचा क्रमांक, संग्रहालयाचे नाव आणि सापडल्याचे ठिकाण नसेल, तर ती पावती नसलेली रक्कम समजावी. शाळकरी मुलांच्या प्रकल्पासाठी एकच पाटी निवडावी आणि तिची ही तीन कलमे त्यांच्याकडून लिहवून घ्यावीत. दहा चित्रफितींपेक्षा त्यातून अधिक शिकायला मिळेल.

कानेशची व्यापारी वस्ती आगीत नष्ट झाली, तरी माती असल्याने पाट्या टिकल्या. आपल्या घरांतील वह्या कागदाच्या आहेत. दुकानाचे नूतनीकरण निघाले की जुनी रोजमेळ, खतावणी आणि हुंड्यांच्या नकला रद्दीत जातात. त्यांतील मोडी वा महाजनी लिपी वाचणारेही आता थोडेच उरले आहेत. लमस्सीने आपली पत्रे इतिहास ठरावीत म्हणून लिहिली नव्हती; तिला केवळ मालाचे पैसे वेळेवर हवे होते. आजोबांच्या वहीतील नोंदींचेही तसेच आहे. तेव्हा वही टाकण्यापूर्वी तिच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत, सोबत पेढीचे नाव, गाव व संवत लिहून ठेवावे आणि घरात जागा नसेल तर मूळ वही एखाद्या इतिहास संशोधन संस्थेला दाखवावी. कापडात बांधून ठेवलेल्या वहीला वाळवी लागली नसेल, तर हे काम येत्या दिवाळीच्या साफसफाईतही उरकता येईल.