दगडातल्या देवत्वाचा माग

दगडात शक्ती वसते ही श्रद्धा किती जुनी, हे सांगणारा लेखी पुरावा अर्थातच नाही. पुरातत्त्वज्ञांच्या हाती लागतात त्या फक्त वस्तू, आणि त्यांवरून श्रद्धेचा अंदाज बांधावा लागतो.

दक्षिण आफ्रिकेतील मकापान्सगाट येथे 1925 साली आदिमानवसदृश प्राण्यांच्या हाडांजवळ चेहऱ्यासारखा दिसणारा तांबूस गोटा मिळाला. तो दुरून आणलेला असावा; मात्र त्यावरून पूजा सिद्ध होत नाही, फार तर कुतूहल. राजस्थानात डिडवाण्याजवळच्या सिंगी तलाव येथे अश्यूलियन, म्हणजे पूर्व पुराश्मयुगीन, थरांत हत्यारांसाठी निरुपयोगी असे सहा इवलेसे स्फटिक सापडले. कालाहारीच्या कडेला गा-मोहाना टेकडीवर सुमारे 1,05,000 वर्षांपूर्वी कोणीतरी 22 कॅल्साइट स्फटिक वेचून ठेवले होते.

गेरूची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. इस्रायलमधील काफ्झेह गुहेत तो दफनांच्या संदर्भात मिळतो. पण हत्याराला मूठ चिकटवताना आणि कातडी कमावतानाही गेरू उपयोगी पडे, त्यामुळे प्रत्येक लाल डागात रक्ताचे किंवा पुनर्जन्माचे प्रतीक पाहणे घाईचे ठरते.

भारतातील सर्वांत बोलका पुरावा मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यातील बाघोरचा. अलाहाबाद विद्यापीठाचे गो. रा. शर्मा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेस्मंड क्लार्क यांच्या पथकांना तेथे उत्तर पुराश्मयुगीन वस्तीत वालुकाश्माच्या तुकड्यांचा, सुमारे 85 सेंटिमीटर व्यासाचा ओबडधोबड गोल ओटा आढळला. त्यावर आणि आसपास एकाच दगडाचे तुकडे होते. ते जुळवल्यावर एकात एक बसलेले रंगीत त्रिकोण दिसू लागले. हे त्रिकोण कोणी कोरलेले नाहीत, दगडाच्याच थरांचे आहेत. परिसरातील कोल आणि बैगा लोक आजही अशाच दगडांची ओट्यावर ‘माई’ म्हणून पूजा करतात. तरीही 1983 साली प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या शीर्षकात संशोधकांनी प्रश्नचिन्ह ठेवले, हे त्यांच्या शिस्तीला शोभणारेच.

पुण्याच्या आसपास पायपीट करून इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची, म्हणजे देव मानलेल्या अनघड दगडांची, ठाणी आणि सूक्ष्मास्त्रे सापडणाऱ्या जुन्या वाटा यांचा संबंध जोडला. 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त तो सविस्तर येतो. जागा तीच, म्हणून देवीही तीच, असे मात्र त्यावरून ठरत नाही. दगड आणि जिवंत प्रथा यांची जोड दाखवण्यात बाघोरची बाजू अधिक भक्कम आहे.